आईचा विसरभोळेपणा आणि २ मिलिअँपिअरचा पट्टा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईचं वय ७२, निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षभरात ओळखीच्यांची नावं पटकन सुचत नाहीत, दूधवाल्याचा हिशेब दोनदा होतो, बोलताना शब्द अडतो. मात्र स्वयंपाक, बँक, भाजीबाजार सगळं त्या स्वतः करतात. रक्तदाबाची आणि थायरॉईडची गोळी चालू आहे, झोपेसाठी रात्री अल्प्राझोलाम, अधूनमधून खोकल्याचं सिरप. डोक्याला पट्टा बांधून मेंदूला २ मिलिअँपिअर करंट देणारं यंत्र ऑनलाइन मिळतं. ते आणून रोज २० मिनिटं लावावं का, नेमकं कुठे लावायचं, आणि फरक किती दिवसांत दिसेल?

आधी माझं मत सांगतो, कारणं पुढे येतील. आत्ता यंत्र मागवू नका. या पद्धतीत तथ्य आहे, पण करंट स्वतः काही आठवून देत नाही. मेंदूतलं जे जाळं त्या वेळी काम करत असतं, त्याला तो किंचित अनुकूल करतो. म्हणून ‘कोणतं यंत्र’ आणि ‘किती मिलिअँपिअर’ यांच्या आधी दोन प्रश्न येतात. आईचं विसरणं कशामुळे आहे, आणि त्या २० मिनिटांत त्या काय करत बसणार आहेत? ही दोन उत्तरं हातात नसतील तर तुम्ही ओल्या स्पंजाला वीज द्याल, दुसरं काही नाही.

या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रातून एकाच दिशेनं वाहणारा १ ते २ मिलिअँपिअरचा करंट दोन ओल्या स्पंजांमधून डोक्यावर सोडतात. बहुतेक घरांत पहिली भीती ‘शॉक’ या शब्दाची असते. मनोविकारात भूल देऊन जी ईसीटी करतात, तिथे करंट साधारण ८०० मिलिअँपिअरच्या घरात असतो आणि हेतूच आकडी आणण्याचा असतो. इथला करंट त्याच्या सुमारे चारशेव्या भागाइतका आहे, त्यानं आकडी येत नाही, माणूस जागा असतो आणि गप्पा मारू शकतो. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका.

इतका बारीक करंट करतो तरी काय? त्यातला बराचसा मेंदूपर्यंत पोचतच नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतदेहांच्या डोक्यावर मोजमाप केलं, तेव्हा सुमारे ७५ टक्के करंट कातडी, मऊ ऊती आणि कवटीतच अडल्याचं दिसलं. उरलेल्यामुळे मेंदूच्या पृष्ठभागावर मीटरमागे एक व्होल्टहून कमी विद्युतक्षेत्र तयार होतं. शांत बसलेल्या पेशीला जागं करायला ते पुरत नाही. पण जी पेशी आधीच संदेश पाठवण्याच्या बेतात आहे, तिचा उंबरठा त्यानं थोडा खाली येतो. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला बोटानं ढकलावं तसं समजा: झोका चालू असेल तर योग्य वेळी दिलेलं बोटभर बळही उंची वाढवतं, झोपाळा उभा असेल तर तो जेमतेम हलतो. निट्शे आणि पॉलस यांनी २००० साली जर्मनीत ग्योटिंगेनला हालचालीच्या केंद्रावर दाखवलं, की काही मिनिटांच्या अशा करंटनं त्या भागाची उत्तेजनशीलता बदलते आणि करंट थांबल्यावरही तो बदल काही काळ राहतो. धन टोकाखाली, म्हणजे अ‍ॅनोडखाली ती वाढली. ऋण टोकाखाली, म्हणजे कॅथोडखाली ती घटली.

याच निष्कर्षावरून ‘धन टोक लावा, बुद्धी वाढवा’ असा सोपा अर्थ पसरला. तो टिकत नाही. २०१३ च्या एका प्रयोगात सलग १३ मिनिटं अ‍ॅनोड दिल्यावर उत्तेजनशीलता वाढली, पण सलग २६ मिनिटं दिल्यावर ती उलट घटली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात २ मिलिअँपिअरवर २० मिनिटं कॅथोड दिला, तर दाबण्याऐवजी चेतवणं झालं. म्हणजे वेळ दुप्पट केली की फायदा दुप्पट होतो, असं इथे नाही. दिशाच पालटू शकते. घरी यंत्र असलं की तिसऱ्या दिवशी ‘जरा जास्त वेळ ठेवू या’ असं वाटतंच. माझी मुख्य धास्ती तीच आहे.

उतारवयात आणखी एक अडचण येते. वयानुसार मेंदू थोडा आकसतो आणि कवटी व मेंदू यांच्यामधल्या पाण्याची जागा वाढते. ते पाणी, म्हणजे मेंदूभोवतीचा द्रव, विजेचा उत्तम वाहक आहे. करंट तिथूनच बाजूला वाहून जातो आणि खालच्या पेशींपर्यंत कमी पोचतो. म्हणून पंचविशीतल्या विद्यार्थ्यांवर मिळालेला निकाल ७२ वर्षांच्या आईला जसाच्या तसा लागू होत नाही. एकाच वयाच्या दोन व्यक्तींमध्येही कवटीची जाडी आणि मेंदूचा आकस वेगळा असतो. एकाला फरक पडतो आणि दुसऱ्याला अजिबात पडत नाही, याचं हे एक मोठं कारण आहे. यंत्रावरचा आकडा दोघांच्या बाबतीत २ च दाखवतो.

मग उतारवयात काही चांगलं दिसलंय का? दिसलंय. बोस्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट राइनहार्ट यांच्या गटाचं काम मी त्यात वर धरतो. तिथे करंट एकाच दिशेचा नसतो, ठरावीक तालात पुढे-मागे होतो. त्याला टीएसीएस म्हणतात. २०१९ मध्ये त्यांनी साठीपुढच्या ४२ जणांवर थीटा, म्हणजे मेंदूतल्या संथ लहरींच्या तालाचा करंट २५ मिनिटं दिला. तात्पुरत्या स्मृतीची कामगिरी तरुणांच्या जवळ आली आणि करंट थांबल्यावर पुढची ५० मिनिटं मोजली तोवर टिकली. २०२२ मध्ये ६५ ते ८८ वयाच्या १५० जणांना चार दिवस रोज २० मिनिटं करंट दिला. मेंदूच्या मागच्या-बाजूच्या भागात ४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चार आवर्तनांचा ताल दिल्यावर यादीतले शेवटचे, ताजे शब्द अधिक आठवले. कपाळामागच्या भागात ६० हर्ट्झ दिल्यावर यादीच्या सुरुवातीचे शब्द अधिक आठवले. महिनाभरानंतरही फरक दिसला.

हे वाचून लगेच यंत्र मागवावंसं वाटेल, म्हणून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ही माणसं स्मृतिभ्रंशाची रुग्ण नव्हती. दोन, ताल आणि जागा बदलली की फायदा झालेली स्मृती बदलली. चुकीचा ताल देऊन तोच परिणाम मिळाला नाही. तिथे अनेक छोट्या इलेक्ट्रोडांची काळजीपूर्वक मांडणी होती. ऑनलाइन मिळणाऱ्या दोन स्पंजांच्या पट्ट्यात असा ताल आणि अशी मांडणी नसते. नाव सारखंच ‘ब्रेन स्टिम्युलेशन’, पण वस्तू वेगळी.

टीडीसीएसचा स्मृतीवरचा पुरावा तुकड्यातुकड्यांचा आहे: काही अभ्यासांत फायदा, काहींत नाही, बहुतेकांत परिणाम लहान. सौम्य बोधात्मक ऱ्हासात, ज्याला डॉक्टर एमसीआय म्हणतात, थोडी आशा ठेवायला जागा आहे. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेला असेल तर फार कमी. सगळ्यांत भक्कम पुरावा नैराश्याच्या बाजूला आहे. बंगळूरच्या निमहान्समध्ये स्किझोफ्रेनियात कानात येणाऱ्या आवाजांसाठी यावर बरंच काम झालंय, पण तिथली जागा वेगळी, लक्षण वेगळं. ‘निमहान्समध्ये हे वापरतात’ एवढ्यावरून स्मरणशक्तीचा पट्टा घरी आणू नये.

आता आईकडे वळू. करंटच्या आधी जे तपासायचं ते तुमच्या प्रश्नातच लिहिलेलं आहे.

अल्प्राझोलाम. उतारवयात ही गोळी स्वतःच नवीन गोष्ट मनात ठसण्यात अडथळा आणते, दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड ठेवते आणि पडण्याचा धोका वाढवते. शिवाय ती मेंदूतल्या ज्या दाबणाऱ्या यंत्रणेवर काम करते, त्याच यंत्रणेतून करंटचा परिणामही जातो, त्यामुळे परिणामाची वेळ आणि मात्रा बदलते. पण ही गोळी एका रात्रीत बंद करू नका. बरीच वर्षं घेतलेली असेल तर अचानक सोडल्यावर अस्वस्थता येते, झोप पूर्ण उडते, क्वचित आकडीही येते. डॉक्टरांकडून आठवड्या-आठवड्यानं कमी करत न्या. अनेकदा एवढं केल्यावरच दोन-तीन महिन्यांत घरच्यांना फरक जाणवतो.

खोकल्याचं सिरप. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. त्यात बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं आणि सोबत क्लोरफेनिरामिन. पहिलं औषध मेंदूच्या पेशींवरच्या ज्या रिसेप्टरना (संदेश झेलणाऱ्या जागांना) अडवतं, त्यांच्यावरच करंटचा मागे राहणारा परिणाम अवलंबून असतो. प्रयोगांत हे औषध दिल्यावर तो परिणाम पुसला गेला. दुसरं औषध अ‍ॅसिटिलकोलिनच्या आड येतं, आणि उतारवयातली स्मृती त्याच रसायनावर बरीच तगून असते. आकडीसाठी किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या दुखण्यासाठी कार्बामाझेपिन चालू असेल तरीही अ‍ॅनोडचा परिणाम दबतो. लघवीवरच्या ताब्यासाठी ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर हीसुद्धा विसरण्याला हातभार लावतात. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. नावं तोंडी सांगताना नेमकी कारणीभूत गोळी राहून जाते.

रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड मिसळलेलं असेल तर सोडियम तपासा. ते खाली गेलं की माणूस गोंधळतो आणि घरचे ‘वय झालं’ म्हणतात. थायरॉईडची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली जात असेल तर ती पुरती शोषली जात नाही. टीएसएच एकदा बघा. बी१२ तर नक्कीच बघा, विशेषतः आई शाकाहारी असतील, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील किंवा वर्षानुवर्षं पँटोप्राझोल चालू असेल तर. ऐकू कमी येतं का? समोरच्याचं नाव कानावर नीट पडलंच नसेल तर ते आठवणार कुठून? २०२३ च्या अचीव्ह अभ्यासात सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका जास्त होता त्या गटात श्रवणयंत्रं देऊन सांभाळ केल्यावर तीन वर्षांतला ऱ्हास सुमारे ४८ टक्के मंदावला. करंटच्या कुठल्याही प्रयोगाहून हा आकडा मला मोठा वाटतो, तरी श्रवणयंत्राला नाही म्हणणारी माणसं डोक्याला पट्टा बांधायला तयार असतात.

निवृत्तीनंतर मन उतरलेलं असणं हे वेगळं कारण आहे. नैराश्यातलं विसरणं हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. फरक असा, की नैराश्यातला माणूस ‘मला काहीच आठवत नाही’ अशी तक्रार स्वतः करतो, तर स्मृतिभ्रंशात घरचे तक्रार करतात आणि माणूस म्हणतो, ‘छे, मला काय झालंय!’ हा नियम प्रत्येक वेळी बसत नाही, पण विचारण्यासारखा नक्की आहे. उत्तर नैराश्याकडे झुकलं तर उपचाराचा रस्ताच बदलतो.

हे सगळं झालं, न्यूरॉलॉजिस्टनी तपासलं, चाचणीत सौम्य घट निघाली आणि तरीही टीडीसीएस करून बघायचं ठरलं, असं धरू. तेव्हा ते कसं व्हायला हवं ते सांगतो. हे घरी करून बघण्यासाठी लिहीत नाही. केंद्रात नेल्यावर समोर जे चाललंय ते तुम्हाला ओळखता यावं म्हणून लिहितोय.

कुणाला करू नये ते आधी. डोक्यात धातूची पट्टी किंवा क्लिप, कवटीला भोक किंवा शस्त्रक्रियेची खाच, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत बसवलेला उत्तेजक, पेसमेकर, आकडीचा इतिहास, स्पंजाच्या जागी इसब किंवा जखम. यांपैकी काही असेल तर थांबायचं. दातांची कवळी चालते. श्रवणयंत्र काढून ठेवायचं.

जागा ठरवताना चूक सर्वांत जास्त होते. तात्पुरत्या स्मृतीसाठी बहुधा कपाळामागच्या डाव्या वरच्या भागावर अ‍ॅनोड ठेवतात. ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी टिपणाऱ्या चाचणीच्या मोजणीत त्या बिंदूला एफ-३ म्हणतात. ‘डाव्या भुवईच्या वर चार बोटं’ अशी जागा कुणी दाखवली तर समजा की मोजलेलं नाही. टेप लागतो. नाकाच्या मुळापासून डोक्यावरून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत अंतर घ्या. ते ३६ सेंटिमीटर असेल तर नाकाच्या मुळापासून ३० टक्क्यांवर, म्हणजे १०.८ सेंटिमीटरवर मध्यरेषेचा बिंदू येतो. मग कपाळावर त्याच रेषेत १० टक्क्यांवर, म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर खूण करून तिथून डोक्याचा घेर मोजा. घेर ५५ असेल तर त्याच्या १५ टक्के, म्हणजे ८.२५ सेंटिमीटर डावीकडे गेलं की कानशिलाजवळचा बिंदू मिळतो. हा बिंदू आणि मध्यरेषेवरचा पहिला बिंदू यांच्या बरोबर मध्यावर एफ-३. दुसरा स्पंज उजव्या भुवईच्या वर किंवा उजवीकडच्या जोडबिंदूवर. दोन स्पंज फार जवळ आले की करंट मेंदूत न शिरता कातडीवरूनच पलीकडे जातो.

५ बाय ७ सेंटिमीटरच्या स्पंजावर २ मिलिअँपिअर म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.०५७ मिलिअँपिअर. २० मिनिटांचा एकूण विद्युतभार २.४ कूलोम. २०१६ मध्ये तोवरच्या ३३ हजारांहून अधिक सत्रांचा आढावा घेतला गेला. ४० मिनिटं, ४ मिलिअँपिअर आणि ७.२ कूलोम या मर्यादेत गंभीर इजा आढळली नाही. ही आश्वासक गोष्ट आहे, पण ती नियंत्रित यंत्रांनी, निवडलेल्या माणसांवर, देखरेखीखाली केलेल्या सत्रांची आहे.

स्पंज केमिस्टकडे मिळणाऱ्या ०.९ टक्के नॉर्मल सलाईननं भिजवायचा, ३५ चौरस सेंटिमीटरच्या स्पंजाला एका बाजूस साधारण ६ मिलिलिटर. नळाचं पाणी नको: त्यातले क्षार ठिकठिकाणी वेगळे असतात आणि कातडी भाजल्याच्या प्रकारांत त्याचा हात दिसलाय. सलाईन जास्त झालं तर ते ओघळून दोन स्पंजांना जोडतं आणि करंट त्या ओघळातूनच पळतो. कमी झालं तर कोरड्या कडेवर करंट एकवटतो आणि चट्टा उठतो. उन्हाळ्यात छताचा पंखा थेट डोक्यावर असेल तर दहाव्या मिनिटालाच स्पंज सुकू लागतो. पंखा बाजूला घ्या आणि सिरिंजनं दोन मिलिलिटर घाला. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

आणि तेल. आपल्याकडच्या आज्यांच्या डोक्याला खोबरेल तेल असतंच, अंबाडाही असतो. तेलाच्या थरातून करंट जात नाही. यंत्र रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त दाखवतं, मग पट्टा घट्ट आवळला जातो, एकाच जागी दाब येतो आणि तिथेच आग होते. आदल्या दिवशी केस धुवा, तेल नको, अंबाडा सोडा, पिना काढा. कपाळावर कुंकू, टिकलीचा गोंद, गंध, भस्म, डोकेदुखीचं बाम असेल तर ओल्या कापडानं पुसा, पण घासू नका. खरवडलेल्या कातडीतून करंट एका बिंदूत शिरतो. बाम लावलेलं असेल तर त्या दिवशी सत्र करूच नये असं मी म्हणतो.

रोध १० किलोओहमच्या खाली आला की सुरू करायचं. करंट ३० सेकंदांत हळूहळू चढवायचा, तसाच उतरवायचा. सुरुवातीला मुंग्या, खाज, थोडी चुणचुण येते आणि मिनिटभरात विरते. चुणचुण वाढत जाऊन एका जागी जळजळ झाली तर यंत्राच्या बटणानं करंट उतरवून थांबा. चालू असताना पट्टा ओढून काढला तर डोळ्यांसमोर वीज चमकते, माणूस दचकतो आणि पुन्हा बसायला तयार होत नाही. काढल्यावर कातडी गुलाबी दिसणं ठीक. दुसऱ्या दिवशीही डाग राहिला तर पुढचं सत्र नाही.

घरगुती ९ व्होल्ट बॅटरीच्या जुगाडाला मी इतका विरोध का करतो तेही सांगतो. स्पंज ओले होत गेले की कातडीचा रोध उतरतो. तो ३ किलोओहम असेल तर ९ व्होल्टमधून ३ मिलिअँपिअर जातात, १.५ झाला तर ६. चांगलं यंत्र रोध बदलला तरी करंट स्थिर ठेवतं आणि मर्यादेबाहेर गेलं तर बंद होतं. बॅटरीला ते कळत नाही. भिंतीच्या प्लगवर चालणारं काही डोक्याला लावणं तर कोणत्याही परिस्थितीत नको.

आता ज्याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो ते: त्या २० मिनिटांत काय करायचं. टीव्ही बघत बसायचं नाही, झोपायचं नाही. जपही नको, कारण रोजचा जप इतका मुरलेला असतो की तात्पुरत्या स्मृतीला तो कष्ट देत नाही. जिथे अडतं तिथेच काम हवं. तेव्हा फ्लोरिडा विद्यापीठात असलेल्या अ‍ॅडम वूड्स यांच्या गटानं वयस्करांवरचा मोठा प्रयोग याच जोडीवर बेतला: संगणकावरचा बौद्धिक सराव आणि सोबत कपाळाच्या दोन्ही बाजूंना करंट.

तुमच्या आईसाठी मी असं आखीन. पहिली आठ मिनिटं चेहरा-नाव-गाव अशा चिठ्ठ्या: फोटो, खाली नाव आणि गाव, एका वेळी सहा, मग नावं झाकून विचारायची. पुढची सहा मिनिटं आकडे उलटे म्हणणं: ‘सात-दोन-नऊ’ म्हटलं की त्यांनी ‘नऊ-दोन-सात’ म्हणायचं. उरलेल्या वेळात बाजाराची यादी ऐकून भाव जोडत बेरीज: पाव किलो मिरची २०, जुडी मेथी ३०, अर्धा किलो वांगी ४०, एकूण किती आणि दुसरी वस्तू कोणती होती? शिक्षिका होत्या, तेव्हा यात त्यांना अपमान वाटणार नाही, उलट चुरस वाटेल. दहापैकी सात-आठ बरोबर येतील अशी पातळी ठेवा. दहाही बरोबर येत असतील तर आकडे वाढवा, पाचच्या खाली गेलं तर कमी करा. फार सोप्या कामात जाळं जागं होत नाही, फार कठीण कामात माणूस हिरमुसतो. करंट उतरल्यावर अर्धा तास सराव चालू ठेवला तर आणखी बरं, कारण परिणाम तेवढा मागे राहतो.

इथे एक सावधगिरी. २०१३ मध्ये आकडे शिकण्याच्या एका प्रयोगात एका जागी करंट दिल्यावर शिकणं सुधारलं, पण शिकलेलं सहजतेनं वापरणं बिघडलं. दुसऱ्या जागी नेमकं उलटं झालं. म्हणजे एका कामात मिळालेल्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागू शकते. म्हणून केवळ सरावाच्या कामात गुण वाढले यावर समाधान मानू नका. रोजच्या व्यवहारात काय बदललं ते बघा.

ते बघायचं कसं? सोमवार ते शुक्रवार, दोन आठवडे, दहा सत्रं हा नेहमीचा क्रम. सुरू करण्याआधी दोनदा चाचणी घ्या, पंधरा दिवसांच्या अंतरानं. स्मृती आणि विचारशक्ती तपासणारी मोका चाचणी मराठीत आहे. दुसऱ्या वेळी प्रश्न ओळखीचे झाल्यानं गुण आपोआप एक-दोनानं वाढतात. ती वाढ करंटच्या नावावर जमा होऊ नये म्हणून दोनदा. सोबत घरात वही ठेवा: आठवड्यात तोच प्रश्न किती वेळा पुन्हा विचारला, किती वेळा वस्तू शोधावी लागली, किती नावं अडली. फक्त आकडे, मत नाही. दहा सत्रांनंतर लगेच आणि पुन्हा महिन्यानं तेच मोजा. लक्षात ठेवा, प्रयोगांत खोटं सत्रही देतात: अर्धा मिनिट मुंग्या येतात, मग यंत्र गुपचूप बंद होतं. त्या गटातली माणसंही सुधारतात, कारण रोज कुणीतरी शेजारी बसून त्यांच्याशी काम करतं. हा फायदा खोटा नाही, पण त्याला यंत्र लागत नाही. मुलगा किंवा नात रोज २० मिनिटं चिठ्ठ्या घेऊन बसली तरी तो मिळतो. त्यामुळे आधी तीन आठवडे करंटशिवाय नुसता सराव करा, अशी माझी शिफारस आहे. त्यातच वहीतले आकडे खाली आले तर पुढे जायची घाई नको.

घरी टीडीसीएस कधीच होत नाही असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांसाठी देखरेखीखाली घरी देण्याची पद्धत बसवली गेली: पहिलं सत्र केंद्रात, घरी व्हिडिओवर माणूस समोर, पट्ट्यावर जागा आधीच ठरलेली, आणि प्रत्येक सत्रासाठी एकदाच चालणारा कोड. कोड मिळाल्याशिवाय यंत्र चालू होत नाही, म्हणून दिवसातून दोनदा लावायचा मोह उरत नाही. असं कुलूप नसलेलं यंत्र वयस्कर माणसाच्या घरात ठेवणं मला पटत नाही. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी घरगुती प्रयोग करणाऱ्यांना उद्देशून खुलं पत्र काढलं होतं, तेही याच कारणांसाठी: परिणाम माणसागणिक बदलतो, आणि आजारी माणसाला धोका पत्करण्याचं जे कारण असतं ते निरोगी माणसाला नसतं.

केंद्रात गेलात तर एवढं विचारा: जागा टेपनं मोजता का, सत्रात काम काय देता, आधी आणि नंतर कोणती चाचणी घेता, फरक न पडल्यास कितव्या सत्रानंतर थांबता. शेवटच्या प्रश्नाला ‘तीस सत्रांचं पॅकेज घ्या, मग बघू’ असं उत्तर आलं तर उठून या. स्मरणशक्तीसाठी ठरलेला, मान्यता मिळालेला उपचार म्हणून कुणी हे विकत असेल तर तेही खरं नाही.

उद्या सकाळी सुरुवात कशानं करायची? गोळ्यांची पिशवी, सिरपची बाटली, बी१२, टीएसएच, सोडियम, कानाची तपासणी, आणि अल्प्राझोलाम कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं. चिठ्ठ्यांचा सराव आजच संध्याकाळी सुरू करता येईल. पहिल्या सहा चिठ्ठ्या आईंच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या फोटोंनी करा. तीन आठवड्यांची वही भरली की तपासण्यांच्या निकालांसोबत त्यातले आकडे इथे लिहा, मग टीडीसीएसचं बोलू.